हंगामी कामगार आणि कामगार कायद्यांची वाटचाल

दसरा मागे पडून वेचणीला जोर आला की यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसच्या बाजारात कापसाची आवक सुरू होते आणि त्याबरोबर जिनिंग-प्रेसिंगचे कारखानेही सुरू होतात. रेच्यांत कापूस भरणे, सरकी उपसणे, रुई वाहून नेणे, ती दाबून गाठी बांधणे, गाठी वखारीत रचणे अशा कामांसाठी गावातील आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसे लागतात. रेच्यांवर पूर्वापार स्त्रियांचाच भरणा मोठा राहिला आहे. होळीच्या सुमारास, किंवा पीक भरपूर आले असल्यास त्यानंतर काही आठवड्यांनी, कारखान्याचे दार लागते आणि तेच कामगार पुन्हा शेतमजूर होतात. वर्षातील पाच-सहा महिने कारखान्याचा कामगार आणि उरलेले महिने रानातला मजूर, अशी ही दुहेरी उपजीविका आहे.

भारतातील कामगार कायद्यांचा इतिहास सांगताना मुंबई, अहमदाबाद, कलकत्ता येथील बारमाही गिरण्या डोळ्यांपुढे ठेवण्याची प्रथा आहे. ते स्वाभाविकही आहे, कारण लढे तेथे झाले आणि आयोगही तेथेच बसले. परंतु तालुक्याचा अधिकारी, प्राथमिक शाळेचा शिक्षक किंवा पंचायतीचा सदस्य यांचा ज्या कामगाराशी नित्य संबंध येतो, तो बहुधा बारमाही गिरणीतला नसतो. तो हंगामी असतो. त्याच्या दृष्टीने पाहिल्यास या इतिहासाचे स्वरूप बरेच बदलते. कायदा झाला त्या वर्षी तो या कामगारापर्यंत पोहोचलाच असे नाही. काही वेळा तो तीस वर्षांनी पोहोचला, काही वेळा अर्धामुर्धा पोहोचला आणि काही बाबतींत आजही पोहोचलेला नाही.

पहिले कायदे कोणासाठी?

इंग्रजी अमदानीत मजुरांसंबंधी जे आरंभीचे कायदे झाले, त्यांत मजुराच्या संरक्षणाचा विचार नव्हता. १८५९ च्या करारभंगविषयक कायद्यान्वये, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडून जाणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला न्यायाधीशापुढे उभे करता येत असे आणि हुकूम न पाळल्यास त्याला तुरुंगवासही होत असे. करार मोडणाऱ्या मालकाला मात्र असा तुरुंग नव्हता. हा कायदा १९२५ पर्यंत अस्तित्वात होता, ही गोष्ट आज पुष्कळांना ठाऊक नसते. उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची जी रीत ग्रामीण भागात पुढेही दीर्घकाळ टिकली, तिला एके काळी कायद्याचेच पाठबळ होते.

१८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी जगाच्या बाजारात महत्त्व आले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. घरोघरी चरकावर सरकी काढण्याची रीत मागे पडून वाफेवर चालणारे रेचे आणि दाबयंत्रे कापसाच्या प्रदेशात आली. मुंबईच्या गिरणीतील यंत्र आणि वऱ्हाड-खानदेशातील जीन ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती. कायद्याचे लक्ष मात्र पहिल्या टोकाकडे गेले.

मुंबईत पहिला कारखाना आयोग १८७५ साली नेमला गेला. त्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा आग्रह होता. हिंदुस्थानातील गिरण्यांना मजूर स्वस्त पडतो आणि त्यामुळे आपला माल मागे पडतो, ही त्यांची खरी तक्रार होती. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या मुंबईतील सद्गृहस्थांनी मात्र केवळ माणुसकीच्या भावनेने मुलांच्या व स्त्रियांच्या कामावर नियंत्रण आणण्याचा प्रयत्न केला. हेतू असे मिश्र असले तरी त्यातून १८८१ चा पहिला कारखाना कायदा निघाला.

हा कायदा अगदीच तोकडा होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि त्यांच्यासाठी महिन्यातून चार सुट्ट्या ठरविल्या. प्रौढ कामगारांच्या तासांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. शिवाय वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ न चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. हंगामी कारखान्याला वेगळा ठेवण्याची परंपरा अशी पहिल्याच कायद्यापासून सुरू झाली.

लोखंडे यांचा अर्ज

या कायद्यातील उणिवा दूर व्हाव्यात म्हणून कामगारांच्या बाजूने पहिला संघटित आवाज उठविला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगाकडे सादर केला. आठवड्यातून रविवारची सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. वेतन पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावे. कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे पंगुत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी, अशा या मागण्या होत्या.

या पाच मागण्या आज वाचताना असे जाणवते की पुढील अर्ध्या शतकाचा कामगार कायदा त्यांत बीजरूपाने सामावलेला होता. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या आयोगाच्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व मधली विश्रांती या दोन्ही गोष्टींना वैधानिक रूप दिले. इजा झालेल्या कामगाराला भरपाई देणारा कायदा मात्र १९२३ साली, म्हणजे अर्जानंतर ३९ वर्षांनी झाला. ठराविक मुदतीत वेतन देण्याचा कायदा १९३६ साली झाला. त्याला ५२ वर्षे लागली. लोखंडे यांचे निधन १८९७ साली झाले.

ज्या आयोगापुढे हा अर्ज आला, त्याच्यापुढे खानदेशातील जिनांच्या स्थितीविषयीही साक्षी झाल्या होत्या. तेथे स्त्रिया पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करीत आणि गर्दीच्या दिवसांत रेचे रात्रंदिवस चालत, असे त्यांतून निष्पन्न झाले. मुंबईच्या गिरणीत निदान दिवस मावळला की अंधारामुळे काम थांबे. जिनात कापसाचा ढीग संपेपर्यंत थांबायचे कारण नसे. अशा साक्षी नोंदल्या गेल्यानंतरही १८९१ च्या कायद्याने कामगारसंख्येची अट पन्नासावर आणली, मुलांचे किमान वय नऊ केले, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा दिली. पण अल्पकाळ चालणाऱ्या कारखान्यांना बाहेर ठेवण्याचे धोरण तसेच राहिले.

हंगामी कारखाना कायद्यात येतो

हा अडसर १९११ च्या कायद्याने दूर झाला. १ जुलै १९१२ पासून अमलात आलेल्या या कायद्याने चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखानेही आपल्या कक्षेत घेतले. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा पहिल्यांदा त्यातच घातली गेली. स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास मनाई झाली. परंतु याच मनाईला एक अपवाद होता आणि तो नेमका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांसाठी होता. म्हणजे जिनातील स्त्री १९११ साली कायद्यात आली खरी, पण रात्रीच्या कामापासून तिची सुटका झाली नाही. ती मनाई सर्वसाधारण होण्यास १९२२ ची दुरुस्ती यावी लागली.

१९२२ चा बदल जागतिक घडामोडींचा परिणाम होता. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना स्थापन झाली आणि भारत तिचा आरंभापासूनचा सदस्य झाला. वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेस कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. इतर देशांसाठी आठवड्याचे ४८ तास ठरत असताना भारतासाठी ६० तासांची वेगळी मर्यादा मान्य करण्यात आली. तीच १९२२ च्या कायद्यात दिवसाच्या अकरा तासांसह दाखल झाली. कामगारसंख्येची अट वीसवर आली आणि मुलांचे किमान वय बारा झाले. वीसची अट लहान जिनांनाही लागू पडण्यासारखी होती.

याच सुमारास झालेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला हंगामी कारखान्याच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. रेच्याच्या रुळांत बोटे सापडणे हा जिनातील नित्याचा धोका. या कायद्यापूर्वी अशा अपघातानंतर मालकाने दिले तर दिले, नाही तर नाही, अशी स्थिती होती. दिवाणी दावा लावून मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणे मजुराच्या आवाक्याबाहेरचे होते. नव्या कायद्याने दोष कोणाचा हा प्रश्न बहुतांशी बाजूला ठेवला आणि काम करताना, कामामुळे इजा झाली की भरपाई देय झाली, असे तत्त्व आणले. कोणता अवयव गेल्यास कमाविण्याची शक्ती किती टक्क्यांनी घटली असे मानावे, याची यादीच कायद्याला जोडलेली आहे. पुढे सुधारलेल्या या यादीत अंगठा गेल्यास ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के असे प्रमाण आहे. माणसाच्या बोटाला टक्केवारी लावणे कानाला कठोर वाटते. परंतु या आकड्यामुळेच निरक्षर मजुराला घासाघीस न करता काही रक्कम मागता येऊ लागली. कामगार कायम आहे की हंगामी, असा भेद या कायद्याने केला नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

१९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने देशभर दौरा करून १९३१ मध्ये अहवाल दिला. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. त्यानंतर झालेल्या १९३४ च्या कारखाना कायद्यात ‘हंगामी कारखाना’ ही संज्ञा व्याख्येसह आली. कापसाची सरकी काढणे, कापूस किंवा ताग दाबणे, भुईमूग फोडणे, तसेच कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, गूळ आणि चहा यांची निर्मिती, अशी प्रक्रियांची यादी त्यात आहे. बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तास, तर हंगामी कारखान्यांसाठी अकरा आणि ६० तास, असे दोन दर्जे ठरले. पूर्वी हंगामी कामगार कायद्याबाहेर होता. आता तो आत आला, पण दुय्यम दर्जाने. ही यादी पुढील विवेचनात पुन्हा भेटणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

वऱ्हाडची वेगळी वाट

दिग्रसच्या संदर्भात आणखी एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. तो कायदेशीर दृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झाला नव्हता. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई; १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, तरी मध्यवर्ती कायदेमंडळाने केलेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागे. १९३५ च्या राज्यघटना कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा कारभार एकत्र केला आणि १९४१ च्या वऱ्हाडविषयक कायद्याने ही गुंतागुंत पुष्कळशी मिटवली.

मध्य प्रांताने स्वतः केलेला एक कायदा मात्र उल्लेखनीय आहे. विडी वळणे, लाख तयार करणे आणि कातडी कमावणे ही कामे यंत्रशक्तीवाचून चालत. त्यामुळे ती कारखाना कायद्यात बसत नसत. १९३७ च्या ‘अनियंत्रित कारखाने’ कायद्याने त्यांतील कामाचे तास, मुलांचे वय आणि जागेची स्वच्छता यांवर नियंत्रण आणले. यंत्र नाही म्हणून कामगार नाही, ही समजूत मोडणारा हा देशातील आरंभीचा प्रयत्न होता. प्रसूती साहाय्याचा कायदाही मुंबई इलाख्यामागोमाग मध्य प्रांतात १९३० साली झाला. परंतु त्याच्या लाभासाठी बाळंतपणापूर्वी सलग काही महिने नोकरी झालेली असणे आवश्यक होते, आणि हंगामी स्त्री कामगाराची अडचण नेमकी तीच होती.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. दोन राज्यांच्या कायद्यांचा मेळ घालण्यात त्यानंतरची काही वर्षे गेली.

डॉ. आंबेडकर आणि १९४८ ची घडण

जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. शासन, मालक आणि कामगार यांना एकत्र बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदेची परंपरा त्यांच्या कारकिर्दीत दृढ झाली. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. परंतु तो बारमाही कारखान्यांपुरताच होता. १९४६ साली आठवड्याचे तास बारमाहीसाठी ४८ आणि हंगामीसाठी ५० असे झाले. बारा वर्षांपूर्वी सहा तासांचे असलेले अंतर आता दोन तासांवर आले. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनी १९४६ मध्येच मांडले, ते १९४८ साली संमत झाले.

१९४८ या एकाच वर्षी झालेल्या तीन कायद्यांनी हंगामी कामगाराला तीन निरनिराळी उत्तरे दिली.

कारखाना अधिनियम, जो १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला, त्याने बारमाही व हंगामी हा भेद काढून टाकला. दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास हे सर्वांना सारखे झाले. यंत्रशक्तीवर दहा आणि यंत्राविना वीस कामगार असलेली जागा कारखाना ठरली. चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेश बंद झाला. कलम २७ तर कापूस दाबण्याच्या कारखान्यांसाठीच होते. कापूस पिंजून मोकळा करणारे यंत्र जेथे चालते त्या भागात स्त्री किंवा मूल यांना कामावर ठेवू नये. छतापर्यंत भिंत घालून यंत्राची कापूस घालण्याची बाजू वेगळी केलेली असेल तरच त्या बाजूला ठेवता येईल, अशी ही तरतूद होती. कलम ८ अन्वये जिल्हादंडाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरता पदसिद्ध निरीक्षकही होता. परंतु पगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम ही अट ठेवण्यात आली. कापसाचा हंगाम २४० दिवस चालत नाही. भेद शब्दांतून गेला आणि दिवसांच्या हिशेबात राहिला.

किमान वेतन अधिनियमाने अनुसूचीची पद्धत स्वीकारली. ज्या धंद्यांची नावे अनुसूचीत असतील त्यांना शासन वेतन ठरवून देईल आणि राज्याला अनुसूचीत भर घालता येईल, अशी ही योजना. महाराष्ट्र शासनाने जिनिंग-प्रेसिंगचा समावेश त्यात केला. येथे हंगामी कामगाराला न्याय मिळाला, कारण किमान वेतन एका दिवसाच्या कामालाही लागू होते.

कर्मचारी राज्य विमा अधिनियमाचे उत्तर मात्र नकाराचे होते. हा कायदा हंगामी कारखाने सोडून इतर कारखान्यांना लागू होईल, असे त्यात स्पष्ट म्हटले आणि हंगामी कारखाना म्हणजे काय हे सांगताना १९३४ ची तीच यादी पुढे आली. आजारपण, प्रसूती, अपघात यांसाठी बारमाही कामगाराला विम्याचा आधार मिळाला; जिनातील कामगाराला अपघातापुरता १९२३ चा भरपाई कायदा आणि बाकी स्वतःचे नशीब.

यानंतरच्या कायद्यांतही हाच हिशेब दिसतो. काम नसल्यामुळे बसवून ठेवलेल्या कामगाराला भरपाई देण्याची औद्योगिक विवाद कायद्यातील १९५३ ची तरतूद हंगामी आस्थापनांना लागू करण्यात आली नाही. १९७२ च्या उपदान कायद्याने बारमाही कामगाराला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे, तर हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे वेतन ठरविले. निम्म्याहून थोडे कमी असले तरी हंगामी नोकरीलाही सेवा मानले गेले, हे थोडके नव्हे. १९६५ च्या बोनस कायद्यात तीस दिवसांच्या कामाची अट होती. ती हंगामात सहज पूर्ण होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तुटक स्वरूपाची कामे वगळली असली, तरी वर्षात साठ दिवसांपेक्षा अधिक चालणारे हंगामी काम तुटक मानू नये असा खुलासा जोडला होता. मुकादमाकरवी माणसे आणणाऱ्या कारखान्याला त्यामुळे सहज हात झटकता येईनात.

सर्वांत बोलके उदाहरण प्रसूती लाभाचे आहे. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी १६० दिवसांच्या कामाची अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आली. कायद्यातील एका आकड्याचा हा बदल. परंतु हंगामभर जिनात राबणाऱ्या स्त्रीला लाभाच्या कक्षेत आणण्यास तो पुरेसा होता. पुढे २०१७ साली रजेची मुदत २६ आठवडे झाली.

कारखान्याचे दार लागल्यावर

हंगाम संपला की हाच कामगार शेतावर जातो. वेचणीची मजुरीण, निंदणाची मजुरीण आणि वर्षाच्या बोलीवर राहणारा सालदार यांच्यापर्यंत कायदा पोहोचण्यास आणखी काळ लागला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेतीचे नाव प्रारंभापासून होते. प्रत्यक्ष दर ठरविण्याची मुदत मात्र वारंवार वाढवावी लागली. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७३ साली अहवाल दिला आणि १९७४ पासून शेतमजुरांचे दर लागू झाले. पागे यांच्याच प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. १९७२ च्या दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप आले, १९७७ साली अधिनियम झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. स्त्री-पुरुषांना कामाच्या परिमाणानुसार एकच दर, हे या योजनेचे वैशिष्ट्य. जवळ काम मिळण्याची हमी असली की शेतावरची मजुरी ठरविताना मजुराला थोडा धीर येतो, हा अनुभव वेतनाच्या अधिसूचनेपेक्षा अधिक परिणामकारक ठरला असे म्हणणे वावगे होणार नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने, १८५९ साली ज्याला कायद्याचे बळ होते ते उचलीचे बंधन, गुन्हा ठरविले.

बाजार समितीतील हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मालक रोज बदलतो म्हणून कामगाराला मालकच नाही, या अडचणीवर त्याने मंडळाचा तोडगा काढला. मजुरी व तिच्यावरील अधिभार मंडळाकडे जमा करून त्यातून रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी देण्याची ही पद्धत हंगामी कारखान्यांनाही लावता आली असती, असा विचार तेव्हापासून काहींच्या मनात येत राहिला आहे. १९७२ पासून पुढील तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू असताना बहुतेक जिने शासनपुरस्कृत खरेदीच्याच कापसावर चालत. तो काळ अशा प्रयोगास अनुकूल होता. तो झाला नाही.

चार संहिता

संसदेने २०१९ व २०२० मध्ये संमत केलेल्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि त्यांत २९ केंद्रीय कायदे विलीन झाले. १९२३ चा भरपाई कायदा, १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चे वर उल्लेखिलेले तिन्ही अधिनियम त्यांत आहेत. दिग्रससारख्या ठिकाणी त्यांचा अर्थ काय होतो, एवढेच येथे पाहू.

किमान वेतनाची अनुसूची गेली. आता कोणत्याही धंद्यातील कामगाराला किमान वेतनाचा हक्क आहे. रोजंदारीच्या कामगाराला त्या दिवसाची पाळी संपताच, आठवड्याच्या बोलीवर असल्यास आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत दिले पाहिजे. काम सोडणाऱ्या किंवा कमी केलेल्या कामगाराचे सर्व देणे दोन कामाच्या दिवसांत चुकते झाले पाहिजे. हंगामाच्या अखेरीस महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या हिशेबांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. पगारी रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरे आहेत. भरपूर पिकाच्या वर्षी काही जिनांतील कामगार या आकड्याच्या जवळ येऊ शकतात. प्रसूती लाभासाठी ८० दिवसांची आणि उपदानासाठी हंगामामागे सात दिवसांची तरतूद कायम आहे.

दुसऱ्या बाजूने, यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी कामगारांची संख्या दहावरून वीस झाली आहे. १८८१ साली शंभर, १८९१ साली पन्नास, १९२२ साली वीस आणि १९४८ साली दहा, अशी सतत खाली येत गेलेली ही मर्यादा प्रथमच वर गेली. कंत्राटी कामगारांसंबंधीची मर्यादाही वीसवरून पन्नास झाली. आणि सामाजिक सुरक्षा संहितेतील राज्य विम्याचे प्रकरण आजही हंगामी कारखाना वगळूनच लागू होते. त्या संहितेत हंगामी कारखान्याची व्याख्या पाहिली तर कापसाची सरकी काढणे, कापूस किंवा ताग दाबणे, भुईमूग फोडणे, कॉफी, नीळ, लाख अशी १९३४ चीच यादी समोर येते. निळीचे कारखाने गेले, वाफेची इंजिने गेली, पुष्कळ जिनांत कापूस आता नळ्यांतून वाहतो. यादी मात्र तीच राहिली आहे.

वर उल्लेखिलेले बहुतेक हक्क ८०, १८० किंवा ‘एक हंगाम’ अशा मोजमापावर अवलंबून असल्याने प्रत्यक्षात सर्व प्रश्न नोंदीपाशी येऊन थांबतो. नव्या संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. मुकादमाच्या वहीत टोपणनावाने लागलेली हजेरी, आधारपत्रावरील वेगळे नाव आणि माहेरच्या नावाने असलेला शाळेचा दाखला, या तीन कागदांचा मेळ न बसल्यास अपघाताच्या भरपाईचा साधा दावाही अडून राहतो. दाखल्यावरील नाव व जन्मतारीख तपासून देणे शाळेच्या हाती आहे, आणि रहिवासाची नोंद पंचायतीच्या. वेचणी सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांत, म्हणजे पोळा ते दसरा या काळात, ही कामे उरकून घेण्यास सवड असते. एकदा रेचे सुरू झाले की कामगाराला तहसिलीपर्यंत जाण्यासाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते.